सरपंचाचे डोळे

— कोकराची मान नका धरू जी, मान धरली की ते जास्त तडफडते. मांडीवर घ्या. हां. डावा हात हनुवटीखाली, उजव्या हातानं पाठ दाबा, हळू. येते की तुम्हाले — मंग इतका वेळ फाटकापाशी काऊन उभे होते? महादेवराव घरी नाईत हे म्हणलं ना मी. वर्ध्याले गेले. आज त्यायचा सत्कार आहे तिथं, आदर्श मेंढपाळ म्हणून. कोण्या मंडळाचा ते मले विचारू नका, मंडळाचं नाव इतकं लांब की पत्रिकेत दोन ओळी लागल्या. शाल, नारळ अन् लाकडाची एक फळी, तिच्यावर पितळेची मेंढी. मेंढरामागं जाणं बंद केल्याले त्यायले तीन हिवाळे झाले. मेंढरं मी नेते, नाई तं आमचा गडी जंगलू नेते. आत्ताही जंगलूच घेऊन गेला कॅनॉलकडं. पण आदर्श म्हणजे तसंच असंन बाप्पा, लांबून पाहायचं अन् फोटोत जवळ उभं राह्यचं. — अन् नवऱ्याचं नाव काऊन घेते म्हणून अशे पाहू नका माह्याकडं. आता सारा जिल्हा घेते त्यायचं नाव, मीच कशाले मागं राहू.

तुम्ही जामवरून आले म्हणता. जामवरून इथं आंजीपर्यंत, एका मेंढ्यासाठी. बसनं? — फटफटीवर. बरं. अन् कोणी सांगतलं? — फोनवर फोटो पाह्यला. हो, तो फोटो साऱ्याइनंच पाह्यला. मधात सरपंच, गळ्यात हार, बाजूले महादेवराव, त्यायच्याही गळ्यात हार, अन् दोघंही तोंड एकाच बाजूले करून उभे. मी फोटोत नाई. फोटो काढणाऱ्यानं म्हणलं बाई जरा सरका, सावली पडून राह्यली. सरकली. — धरा, धरा, सोडू नका, डोळ्याले बोट लावलं की ते लाथ मारतेच. दोन दिवसाचं लेकरू, पण लाथ पाहा. आता उजेडाकडं करा त्याचं तोंड. पाहा बरं, खालची पापणी दिसते का? नाई दिसत. दिसंन कशी, आत वळली ना. पापणीची कड आत अन् तिच्यावरचे केस बुबुळावर. डोळा मिटला की घासते, उघडला की घासते. जन्मल्यापासून बिचारं आपल्याच डोळ्यात झाडू मारून राह्यलं. पाणी गळते, मंग चिकटते, मंग बुबुळावर फूल पडते पांढरं — अन् मंग मायीचं थान कुठं आहे तेही दिसत नाई. आंधळं कोकरू माय जास्त दिवस नाई सांभाळत. पाच-सहा वेळा बोलावते, नाई आलं की चरत पुढं जाते. तिले का बाकीचं काम नाई?

हे सलाइनचं पाणी आहे, घाबरू नका, तुमच्या पँटीवर पडलं तं डाग नाई पडत. आधी धुवायचं. मंग असं बोटानं गालाची कातडी खाली ओढायची — आली बाहेर? पाहा, आली. दिसली पापणी. पुष्कळांचं एवढ्यानंच भागते, दिवसातून चार-पाच वेळा ओढून द्या, तिसऱ्या दिवशी पापणीले अक्कल येते, जागेवर राह्यते. ह्याची नाई राहत. सोडली की — गेली आत, पाह्यलं? सकाळी काजल मॅडमनं काढून दिली होती, म्हणल्या दुपारपर्यंत टिकली तं ठीक, नाई तं तुम्ही टाका मारा. सुन्न करायचं औषधही देऊन गेल्या. काजल मॅडम म्हणजे जनावराइच्या डॉक्टर, नवीन आल्या दीड वर्षाआधी, स्कूटीवर येतात, एवढुशी पोट्टी आहे. नाव काजल अन् काम डोळ्याचं, मी म्हणलं तं हासल्या. — सकाळी काऊन आल्या होत्या? आल्या होत्या. कामानं. तुम्ही कोकरू पाहा, त्यानं मान फिरवली.

टाका मीच टाकते. मॅडम स्वतः म्हणतात तुमचा हात माह्यापेक्षा बारीक आहे. असंनच, वीस वर्षं अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवले मी. पण डोळ्याचा टाका मले रूपरावनं शिकवला. रूपराव म्हणजे दवाखान्यातला ड्रेसर, आता रिटायर झाला, तेव्हा डॉक्टरपेक्षा त्यालेच जास्त समजे. अन् पहिला टाका मी कोणाले टाकला सांगू? तो बसला ना तिकडं कडूनिंबाखाली, तुम्ही आल्यापासून ज्याच्याकडं पाहून राह्यले — त्याले. सरपंचाले.

हो, तोच सरपंच. फोटोतला. बसून काऊन आहे? बसला असंन. मोठ्या माणसाले वाटते बसावं कधी कधी. — पाय फाकवून बसला तं बसू द्या ना, तुम्ही पैदाशीचा मेंढा पाहाले आले का त्याची बैठक पाहाले?

तं सांगून राह्यली होती. सहा वर्षं झाली. आमच्या ठिपकी मेंढीले दोन झाले, एक मेलं अन् एक हा. ठिपकीनं ह्याले हुंगूनही नाई पाह्यलं. बाटलीनं दूध पाजलं मी, घरात, चुलीपाशी, पोत्यावर. चौथ्या दिवशी डोळे गळू लागले. महादेवराव म्हणले, आंधळं होईन ते, देऊन टाक कोणाले. हे आदर्श मेंढपाळाचं पहिलं वचन, लिहून ठेवा, सत्काराच्या भाषणात हे नाई येणार. मी कोकरू पदरात गुंडाळलं अन् आंजीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर मीटिंगले. रूपरावनं पाह्यलं अन् म्हणला, बाई, ब्लाउज शिवतं ना तू? मंग ही पापणी उलटून हेम मारायचं, एवढंच आहे. त्यानं एक डोळा शिवून दाखवला, दुसरा मले दिला. पहिलीच बारी होती. पण शिवलं. पंधरा दिवसांनं दोरा काढला तं दोन्ही डोळे उघडे टक्क. रूपराव म्हणला, तुहा टाका कोणता अन् माहा कोणता, सांग. सांगता आलं नाई — मलेही नाई अन् त्यालेही नाई.

अन् मंग वाढला कसा, विचारू नका. सरपंच नाव मीच ठेवलं. पाण्याच्या टाकीवर सगळ्यात आधी हा, वैरणीवर सगळ्यात आधी हा, काम काई नाई, अन् मधात उभा राहून सगळ्यायची वाट अडवणार. तेव्हा हासून ठेवलेलं नाव, दोन वर्षांनं महादेवराव तेच नाव छाती फुगवून सांगू लागले. पाठ अशी की वर ताट ठेवा, हलणार नाई. शिंगं दोन-दोन वेढ्याची. जिल्ह्याच्या प्रदर्शनात नेला. तिथं परीक्षक होता एक, गॉगल घालून. त्यानं दात पाह्यले, खूर पाह्यले, मागून हात घालून पाह्यलं, पाठीवरून टेप फिरवला, अन् शेवटी तोंड वर करून म्हणते — काय पाणीदार डोळे आहेत. माइकवर म्हणला. मी पाण्याची बकेट घेऊन मागं उभी. मले हासू आलं, मी पदर तोंडाले लावला, तं महादेवरावले वाटलं बायको गहिवरली.

पहिला नंबर. झालं. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. अन् मंग लोकं. आर्वीकून, देवळीकून, हिंगणघाटकून. सगळ्याइले सरपंचाचं बीज पाहिजे. महादेवराव खाटेवर बसून सांगतात — रक्तच तसं आहे त्याचं. अन् खरं बोलले जी. आयुष्यात एक गोष्ट खरी बोलले, ती न समजता बोलले.

काऊन म्हणजे? तेच तं सांगून राह्यली. त्याची पहिली कोकरं आली. पंधरा झाली, त्यातल्या चौघाइचे डोळे गळत. महादेवराव म्हणले, वैरणीच्या कुटाराची धूळ आहे. कुटार बदललं. पुढच्या वर्षी सहा. तेव्हा म्हणले, शेजारच्या वावरात फवारणी झाली त्याचं आहे. शेजाऱ्याशी भांडले, अजून बोलत नाई त्याच्याशी. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणले, नजर लागली, आपलं चांगलं लोकाइले पाहवत नाई. मेंढराइच्या वाडग्याच्या दाराले काळी बाहुली बांधली, पाह्यली ना आत येताना? मेंढीनं तिचा एक पाय खाल्ला. धूळ, फवारणी, नजर, कॅनॉलचं पाणी, जंगलूची बिडी — साऱ्या वर्धा जिल्ह्यात गुन्हेगार शोधला त्या माणसानं. एक सरपंच सोडून. अन् एकदा वर्ध्यावरून ट्यूब घेऊन आले, मेडिकलवाल्यानं दिली म्हणे, डोळ्याचीच आहे. मी लावणार, तितक्यात मॅडम आल्या, त्यायनं नाव वाचलं अन् उचलून कुटारात फेकली. म्हणल्या डोळ्यावर जखम असताना हे घातलं तं डोळा पुरा जाते. महादेवराव मले म्हणतात, पाह्य, चांगली नवी ट्यूब फेकली पोट्टीनं.

त्यायनंच सांगतलं, मॅडमनं. पहिल्या भेटीतच. वाडग्यात शिरल्या, दहा-बारा कोकरं पाह्यली, एकेकाची पापणी ओढून, अन् विचारलं — ह्याइचा बाप कोण? मी कोकराचा डोळा पुसत राह्यली. महादेवरावनं मोठ्या हौसेनं दाखवला, हा आमचा सरपंच, पहिला नंबर. मॅडम त्याच्यापाशी उकिडव्या बसल्या, त्याच्या डोळ्याखाली बोट फिरवलं, असं, हळूच, अन् माह्याकडं पाह्यलं. महादेवरावकडं नाई, माह्याकडं.  मंग उठून म्हणल्या, काका, हा दोष रक्तातून येते. ज्या मेंढ्याचे डोळे लहानपणी असे होते, त्याले कळपात सोडायचं नसते. त्याचे पोट्टेही नाई सोडायचे, ज्याइचे डोळे चांगले दिसतात तेही नाई, त्याइच्यातूनही पुढं जाते. ह्याले खच्ची करून टाका. — महादेवराव असे हासले, म्हणले, बेटा, तुह्या जन्माच्या आधीपासून मेंढरं आहेत आमच्या घरी. मॅडम म्हणल्या, दिसून राह्यलं काका. अन् स्कूटी चालू केली.

सुई पकडा जरा — नाई, कोकरू सोडू नका, सुई दातात धरा म्हणत नाई मी, ह्या वाटीत ठेवा. उकळलेली आहे. हां. आता हलू देऊ नका. एक टाका पापणीच्या कडेजोळ, दुसरा गालावर, अन् मधात दोरा ओढायचा, जास्त नाई, नाई तं डोळा वटारल्यासारखं होते, महादेवरावच्या फोटोसारखं. पाहा. झाला एक. तुम्ही तोंड फिरवलं का? मेंढरं ठेवतो म्हणता अन् रक्ताचा एक थेंब पाहवत नाई.

तुम्हाले पाहिजे तो कोणता म्हणले? काळ्या तोंडाचा. महादेवरावनं शब्द दिला, बरोबर, काल जाता जाता मलेही सांगून गेले — जामचा माणूस येईन, त्याले काळतोंड्या दाखवजो, धुऊन ठेवजो. धुतला मी. शांपूनं धुतला, पाहा कसा चमकून राह्यला खुंट्याले. जा, पाहा जवळून, मी धरते ह्याले तोवर. डोळे पाहा ना. चांगले आहेत? टपोरे? आता उजव्या डोळ्याखाली बोट फिरवा. कातडीवरून, हळू. लागलं काई? अजून खाली. हां. केसाएवढी गाठ. डाव्यालेही आहे. तुम्ही बोट लावलं म्हणून कळलं, नुसतं पाहून परीक्षकालेही नाई कळलं, ह्या वर्षी दुसरा नंबर आला त्याचा. तो टाका माहा आहे जी. ह्या वाडग्यातून जेवढे पाणीदार डोळे गेले, ते सारे माह्या हातचे. किती शिवले मोजले नाई मी, पण दोऱ्याची रिळं संपली. सत्कार मेंढपाळाचा कशाले करतात, टेलरचा कराले पाहिजे होता.

या, बसा. घ्या हे परत मांडीवर, दुसरा डोळा राह्यला.

तुमच्या मनात आलं असंन — ही बाई इतकं समजून चूप काऊन राह्यली? नाई आलं? येईन, फटफटीवर बसल्यावर येईन. आत्ता तुमच्यासमोर मी महादेवरावले इतकी हासली, तं तुम्ही म्हणाल, नवरा ऐकत नव्हता, बाई बिचारी काय करणार. मीही तसंच म्हणते कोणी विचारलं तं. सोपं आहे ते. पण खोटं काऊन बोलू, मले आवडे. लोकं यायचे, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे, मी आत स्वयंपाकघरातून ऐको. फ्लेक्सवर माहा फोटो नव्हता, पण पोत्यावर बाटलीनं वाढवलेला तो माहा होता. त्याच्या पुढं माणसं टोप्या काढून उभी राहत. अन् टाका दिसत नव्हता कोणाले. मी दर वर्षी अजून बारीक टाको. अजून बारीक.

राकेशले तं मीच दिला.

— राकेश माहा भाऊ जी. नाचणगावले राह्यते. लहान आहे माह्यापेक्षा अकरा वर्षांनं, माय गेली तं मीच कडेवर वागवला. भाऊबीजेले भाऊ बहिणीले देते, मी उलटं केलं. म्हणलं, घेऊन जा, सरपंचाचा पहिला पोट्टा आहे, सगळ्यात देखणा. त्याच्याकडं वीस-बावीस मेंढ्या होत्या, नुकतंच जमवलं होतं त्यानं. त्याची बायको सुलोचना, तिनं त्या मेंढ्याले ओवाळलं. ओवाळलं जी, कुंकू लावून. मी हासली होती तेव्हा.

पुढच्या हिवाळ्यात त्याची कोकरं आली. मायच्या मायच्या घरचे काई उपाय तिले माहीत, सुलोचनाले — खडीसाखर बारीक वाटून डोळ्यात फुंकायची. फुंकली. आधीच घासलेला डोळा, त्यात साखर. फुलं पडली. नऊ कोकरं आंधळी झाली त्याची. नऊ. भिंतीले टक्कर मारायची, एकमेकाच्या पोटाखाली थान शोधायची. एक तं कळपाच्या आवाजामागं चालत गेलं अन् सरळ कॅनॉलात. राकेश कपड्यानिशी उतरला त्याच्यामागं. नाई भेटलं.

तेव्हा त्यानं मले फोन केला. दुपार होती, अशीच. फोन स्पीकरवर ठेवला होता मी, कारण हात गुंतले होते. महादेवराव समोर जेवून राह्यले होते. राकेश म्हणला, बाई, तुमच्याकडं होते का असं काई कोकराइच्या डोळ्याले? महादेवरावचा घास हातातच. माह्याकडं पाहून राह्यले. प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलं होतं. काई बोलले नाईत ते, हे मी त्यायच्या बाजूनं सांगते, त्यायनं मले नाई म्हण असं नाई सांगतलं. मीच म्हणलं — नाई रे. आमच्याकडं नाई होत असं. तुमच्याकडं धूळ जास्त असंन.

अन् हात कशात गुंतले होते विचारा ना. असंच एक होतं मांडीवर. सुई अर्धी आत, अर्धी बाहेर.

राकेश म्हणला, बरं बाई. महादेवरावनं घास खाल्ला अन् म्हणले, भाजीत मीठ कमी आहे. बस.

मान सरळ ठेवा त्याची. तुमचा हात ढिला झाला. — हां.

विश्वास ठेवला ना त्यानं. बहिणीवर नाई ठेवणार तं कोणावर ठेवणार. दोन महिन्यांनं सारी मेंढरं काढून टाकली. म्हणते, बाई, माह्या हाताले जनावर लाभत नाई. माह्या हातातच दोष आहे. पुलगावले गोडाऊनवर वॉचमन लागला, शिटी वाजवते अन् ट्रक मोजते. मेंढराइच्या मागं जे पोट्टं गाणे म्हणत फिरे, ते आता खुर्चीवर बसून फाटक उघडते. पाच मेंढ्या विकल्या नाई त्यानं, ज्या लाडाच्या होत्या, त्या घेऊन इथं आला टेम्पोत. म्हणला, तुह्याकडं राहू दे, तुह्या हाताले गुण आहे, तुह्याकडं जगतीन. महादेवराव म्हणले, अरे आपलंच घर आहे. असे मनाचे मोठे आहेत आमचे.

अन् परवा त्याइच्यातली एक व्याली. राकेशची लांबकानी. तिचंच हे, तुमच्या मांडीवरचं. मी जंगलूले सांगतलं होतं, ह्या पाचाइले सरपंचापासून दूर ठेवजो. जंगलू म्हणला ठेवल्या. सरपंचानं नाई ठेवल्या. परवा सकाळी हे जन्मलं, मायीनं चाटून झाल्यावर मी उचललं, उजेडाकडं केलं — अन् पापणी आत.

मंग मी मॅडमले फोन केला. त्यायले म्हणलं, गुरुवारी या, गुरुवारी सकाळी मालक घरी नसतील, सत्कार आहे. मॅडम म्हणल्या, मालकाची परवानगी लागंन ना काकू. मी म्हणलं, बाटलीनं पाजला मी, पापणी शिवली मी, मेंढराइच्या कागदावर कोणाचं नाव आहे ते पाहा तुम्ही. तं कागदावर माहंच होतं. बायकाइच्या नावानं योजना होती म्हणून महादेवरावनंच लावलं होतं तेव्हा. सहीही माहीच चालली.

तं आता कळलं असंन तुम्हाले सरपंच पाय फाकवून काऊन बसला ते. आठ वाजता झालं. जंगलूनं शिंगं धरली, मी मान. आधी इंजेक्शन देऊन सुन्न केला मॅडमनं, मंग तो लोखंडी चिमटा. जास्त ओरडला नाई. माह्या पोटाले डोकं लावून उभा होता, लहानपणी दूध पेल्यावर राह्यचा तसा. दोन-चार दिवस सुजंन म्हणल्या, मंग चरंन नीट. कापणाराले मी देणार नाई, म्हातारा होऊ दे इथंच, टाकी अडवत. — काय पाहून राह्यले? हो. काळतोंड्याही. धुऊन झाल्यावर. अन् बाकीचे तिघं लहानेही. मॅडम म्हणल्या, काकू, एका दिवसात पाच, तुम्ही दवाखान्याचं साऱ्या महिन्याचं काम करून घेतलं.

आता महादेवराव चार वाजताच्या गाडीनं येतील शाल पांघरून. येऊ द्या. फळी कुठं ठोकायची ते मी ठरवून ठेवलं, ह्या खुंट्याच्या वर. ओरडतील. ओरडू द्या, त्यायचा आवाज मोठा आहे, पण चिमटा उलटा नाई फिरत. आठ दिवस जेवणार नाईत माह्या हातचं, बरंच आहे, मीठ त्यायचं त्यायनं टाकावं. अन् ज्यायनं ज्यायनं ह्या वाडग्यातून मेंढे नेले, त्यायची नावं जंगलूच्या ध्यानात आहेत, त्यायले निरोप पाठवणार मी. तुम्ही पहिले. तुम्हाले निरोप फटफटीवर घ्यायले यावं लागलं, एवढंच.

खाली हात जाऊ नका पण. तो पाहा, कोपऱ्यातला, एक शिंग मोडलेला. त्याले नाव नाई, नंबर नाई, हार नाई. त्याची माय आधीच पोटात घेऊन आली होती त्याले, बाप बाहेरचा, सरपंचाचा त्याच्यात थेंब नाई. त्याच्या मायचे, बापाचे, बापाच्या मायचे डोळे मी मायच्या आधीच्या मालकाच्या घरी जाऊन पाह्यले. त्याच्या डोळ्याखाली किती बोट फिरवा, काई नाई लागणार. दिसाले कसा आहे? बेकार आहे. फोटो काढाल तं तुमचे गावचे हासतील. — नको? विचार करा. विचार करता येत नसंन तं घरी जाऊन करा.

दुसरा टाकाही झाला. पाहा, दोन्ही डोळे उघडले ह्यानं. तुमच्याकडंच पाहून राह्यलं. अजून सगळं धुकट दिसत असंन त्याले, पण पाहून राह्यलं. मोठं झालं की हेही खच्ची, पण दिसंन त्याले. मायच्या मागं जाईन.

काय म्हणले?

— राकेशले? काय सांगतलं का राकेशले?

तुम्ही लय चौकशी करता जी. मी का तुम्हाले विचारलं, तुमच्या घरी कोण कोणाले काय सांगते? फोन आहे ना माह्यापाशी, हा काय खाटेवर. नंबर पाठ आहे. आता ह्या वेळेस त्याची ड्यूटी असते. सकाळीही ड्यूटीच होती. परवाही. काल रविवार नव्हता, नाई तं — रविवारी असते तो घरी. रविवारी सुलोचना उचलते फोन. सुलोचनाले काय सांगू, ओवाळलं होतं तिनं. म्हणजे सांगणार आहे मी. तुम्हाले सांगतलं ना आत्ता, अनोळखी माणसाले, तं त्याले का नाई सांगता येणार. त्यानं फक्त असं म्हणू नये — बरं बाई, म्हणून. भांडला तं चालते. येऊन वाडगं पेटवलं तरी चालते. पण तो तसंच म्हणंन. मले माहीत आहे, तसंच म्हणंन, अन् मंग विचारंन कोकरू कसं आहे —

द्या ते इकडं. द्या. अन् निघा तुम्ही आता, उन्ह तापून राह्यलं. मले काम आहे.